डावा कौल

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांकरिता शिक्षण मंडळाचा स्वतंत्र कोकण विभाग निर्माण झाला आणि २०१२ साली त्याचा पहिला निकाल लागला, तेव्हापासून बारावीच्या परीक्षेत राज्यातील पहिला क्रमांक या लहानशा विभागाने हातचा जाऊ दिलेला नाही. २०२५ साली अवघ्या राज्याचा निकाल ९१.८८ टक्के लागला असता कोकणाचा ९६.७४ टक्के लागला, आणि दहावीत तर तो ९८.८२ टक्क्यांवर गेला. ‘कोकण पुन्हा अव्वल’ हा मथळा आता वर्तमानपत्रांच्या छापखान्यांत बहुधा जुळवूनच ठेवलेला असावा. परंतु या अभिमानाचे आयुष्य जेमतेम महिना-दीड महिन्याचे असते. कारण मे महिन्यात ज्या घरांतून पेढे वाटले गेले, त्याच घरांपैकी कित्येकांत जूनच्या मध्यावर राज्याच्या सीईटीचा किंवा वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’चा निकाल येऊन पडतो, आणि मग त्या घरातील मंडळी एकमेकांच्या डोळ्यांस डोळा देईनाशी होतात.

मालवण किनाऱ्यावर हा निकाल ज्या ऋतूत येतो तो ऋतूही विचारात घेण्याजोगा आहे. मृगाच्या सरी सुरू झालेल्या असतात, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीस शासनाची बंदी असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली झाकून ठेवलेल्या असतात, आणि मे महिन्यात घर भरून टाकणारे चाकरमानी मुंबईस परत गेलेले असतात. मच्छिमार कुटुंबाच्या हाती रोकड नसण्याचे हे दोन महिने आणि प्रवेशाची फी भरण्याचे हे दोन महिने नेमके एकच असावेत, हा योगायोग कोणा अधिकाऱ्याच्या ध्यानात आल्याचे ऐकिवात नाही. अशा एखाद्या संध्याकाळी, घरात रेंज मिळत नाही म्हणून, मुलगा खळ्याच्या गडग्याशी मोबाइल उंच धरून उभा असतो, पडद्यावर ६२.४१७३९०५ असा दशांशचिन्हापुढे सात अंकांचे शेपूट लावलेला आकडा उमटतो, आणि ओसरीवर जाळ्याची भोके विणीत बसलेला बाप विचारतो, “बारावीक पंच्याऐंशी होते मां, मगे ह्यां काय झालां?” या प्रश्नाला मुलापाशी उत्तर नसते, आणि ते त्याच्यापाशी असावे अशी अपेक्षाही करणे योग्य नव्हे, कारण पंच्याऐंशी आणि बासष्ट हे दोन आकडे एका जातीचे नाहीत हे त्या दोघांनाही कोणी नीट समजावून सांगितलेले नसते.

बारावीचे टक्के म्हणजे मिळालेले गुण भागिले एकूण गुण. इतरांना काय मिळाले याच्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही. सीईटीचे पर्सेंटाइल हे त्याच्या अगदी उलट आहे. एखाद्या सत्रात २०,००० मुले परीक्षेस बसली आणि त्यांपैकी १२,४०० जणांना आपल्या मुलाइतके किंवा त्याहून कमी गुण पडले असे समजू. १२,४०० ला २०,००० ने भागून शंभराने गुणले की ६२ येतात, आणि हेच त्याचे पर्सेंटाइल. त्याला शंभरापैकी ६२ गुण पडले असा याचा अर्थ बिलकुल नाही. दोनशेपैकी निम्मे गुण मिळविणारा उमेदवार पुष्कळदा नव्वदीच्या घरात जाऊन बसलेला दिसतो, ही गोष्ट पुष्कळ पालकांना प्रथमच कळते तेव्हा त्यांची मुद्रा पाहण्यासारखी होते. परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत, निरनिराळ्या प्रश्नपत्रिकांवर होत असल्यामुळे नुसत्या गुणांची तुलना अन्यायाची ठरेल, म्हणून प्रत्येक सत्रापुरता हा क्रम लावून सर्वांना एका यादीत आणण्याची ही तजवीज आहे. सात दशांश स्थळे आहेत ती दोघांचा क्रम शक्यतो एक येऊ नये म्हणून. मुलाची बुद्धी एवढ्या सूक्ष्मतेने मोजली गेल्याचे ते लक्षण नव्हे.

परीक्षेचे स्वरूपही बोर्डाच्या परीक्षेहून सर्वस्वी भिन्न आहे. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, आणि गणिताचे ५० प्रश्न पुढच्या ९० मिनिटांत सोडवावयाचे असतात. म्हणजे पहिल्या भागात एका प्रश्नाच्या वाट्यास ५४ सेकंद येतात आणि दुसऱ्यात १०८. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत सिद्धता मांडणारा, आकृती नेटकी काढणारा, पायरीपायरीने उत्तराकडे जाणारा विद्यार्थी शिक्षकांचा लाडका असतो आणि तसा तो असावाही. परंतु ५४ सेकंदांच्या बाजारात त्याची ही सावकाशी त्याला महाग पडते. आमच्याकडील शाळांतून पहिल्या प्रकारचे शिक्षण चांगले होते, आणि दुसऱ्या प्रकारची तालीम ज्या लातूर-कोल्हापूरच्या वर्गांतून मिळते तेथे दोन वर्षे मुलास ठेवणे आमच्या पुष्कळ घरांना परवडत नाही. दोन निकालांमधील तफावतीचे एक मोठे कारण माझ्या मते हे आहे.

आमच्या भागात ग्रामदेवतेला कौल लावण्याची चाल आहे. गुरव पाण्यात भिजविलेल्या पाकळ्या देवाच्या अंगावर ठरलेल्या ठिकाणी लावतो, प्रश्न मोठ्याने आणि निःसंदिग्ध शब्दांत देवापुढे मांडतो, आणि मग उजवीकडची पाकळी आधी पडते की डावीकडची याकडे सारे टक लावून बसतात. उजवा कौल म्हणजे होकार, डावा म्हणजे नकार. अमुक स्थळी मुलीचे लग्न जमवावे काय, असा प्रश्न असता डावा कौल आला, तर मुलगी जन्मभर अविवाहित राहणार असा अर्थ आजवर कोणी काढल्याचे ऐकले नाही. त्या स्थळाचा विचार सोडून देतात आणि दुसऱ्या स्थळाची चौकशी सुरू करतात. नकार असतो तो विचारलेल्या प्रश्नापुरता. देवाच्या बाबतीत जो विवेक आमची माणसे इतक्या सहजपणे दाखवितात, तोच परीक्षा कक्षाच्या संगणकाच्या बाबतीत मात्र त्यांना सुचत नाही, याचे मला राहून राहून नवल वाटते. सीईटीपुढे मांडलेला प्रश्न इतकाच असतो की, या वर्षीच्या उमेदवारांत, या तीन तासांत, या मुलाचा क्रम कोठे लागतो. आणि त्याचे उत्तर उपलब्ध जागा वाटून देण्याच्या कामी यावे, एवढाच त्याचा उपयोग.

हा क्रमही दरवर्षी एकाच मापाने मोजला जातो असे नाही. २०२४ च्या ‘नीट’मध्ये ७२० पैकी ७२० गुण मिळविणारे उमेदवार प्रथम ६७ निघाले; पुढे १,५६३ जणांना दिलेले वाढीव गुण रद्द झाले, त्यांच्यासाठी फेरपरीक्षा झाली, एका प्रश्नाच्या उत्तराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि अखेरच्या यादीत पूर्ण गुणांचे १७ जण उरले. दुसऱ्याच वर्षी प्रश्नपत्रिका इतकी कठीण निघाली की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यास ६८६ गुण होते. शेजारच्या दादाला गेल्या वर्षी किती पडले होते, या चौकशीला यामुळे काही अर्थच उरत नाही. सीईटीचीही कथा फारशी निराळी नाही. २०२५ च्या २७ एप्रिलला सकाळच्या सत्रात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्यायच चुकीचे दिले गेले होते, आणि त्या सत्रातील सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांना ५ मे रोजी पुन्हा परीक्षेस बसावे लागले. परीक्षा घेणाऱ्यांच्या हातूनही प्रमाद घडतात, हे मुलांच्या कानांवर घालण्यास हरकत नाही. मात्र आपल्या मुलाच्या प्रत्येक कमी गुणाचे खापर यंत्रणेवर फोडण्याची सवयही चांगली नव्हे, कारण त्यामुळे त्याने उत्तरतालिका पुढे घेऊन आपले कोठे चुकले ते पाहण्याची गरजच संपते.

आणि मुळातील अंकगणितही पाहावे. २०२५ साली ‘नीट’ला बसलेले उमेदवार २२ लाखांवर होते, आणि एमबीबीएसच्या जागा देशभर मिळून सुमारे सव्वा लाख. ओरोसला २०२१ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्यांतील १०० जागा आल्या, याचा आनंद रास्त आहे. तथापि वीस लाखांहून अधिक मुलांनी निराश व्हावे ही गोष्ट त्या परीक्षेच्या रचनेतच अंतर्भूत आहे, मग त्या मुलांनी कितीही अभ्यास केलेला असो.

प्रवेशपरीक्षेची ही धास्ती काही आजची नव्हे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, जिला पुढे सारा महाराष्ट्र मॅट्रिक म्हणून ओळखू लागला, १८५९ साली झाली. शंभरांहून अधिक उमेदवारांपैकी तीत उत्तीर्ण झाले ते वीस-बावीस. पुढे जवळजवळ शंभर वर्षे ‘मॅट्रिक नापास’ ही एक सामाजिक अवस्थाच होऊन बसली, आणि कारकुनी, पोस्ट, गिरणी, बोट यांपैकी कोणत्या दाराशी उभे राहावयाचे हे कोकणातील हजारो तरुणांच्या बाबतीत तिने ठरविले. १८६२ साली त्या विद्यापीठाचे जे पहिले पदवीधर बाहेर पडले त्यांत महादेव गोविंद रानडे होते आणि आमच्या मालवणात १८३७ साली जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते. भांडारकरांचे वडील महसूल खात्यात कारकून. त्यांची बदली रत्नागिरीस झाली नसती तर मुलास इंग्रजी शाळेचे दर्शनही घडले नसते. पण मला अधिक लक्षणीय वाटते ती गोष्ट पुढची आहे. ज्या संस्कृत विद्येमुळे भांडारकरांचे नाव युरोपातील पंडितांपर्यंत पोचले आणि ज्यांच्या नावाने १९१७ साली पुण्यास संशोधन मंदिर उभे राहिले, त्या विद्येकडे ते वळले ते एल्फिन्स्टनमधील शिक्षण आटोपून दक्षिणा फेलो झाल्यानंतर, शिक्षण खात्याचे संचालक हॉवर्ड यांच्या सूचनेवरून. तोपर्यंत त्यांचा ओढा इंग्रजी वाङ्मयाकडे व गणिताकडे होता. म्हणजे आपला खरा विषय त्यांना परीक्षांनी दाखवून दिला नाही. तो विशीनंतर, एका भल्या माणसाच्या बोलण्यातून सापडला.

नापास झालेल्या थोर पुरुषांच्या गोष्टी निराश मुलास सांगण्याचा जो प्रघात आहे, त्याचा मात्र मला मनस्वी कंटाळा आहे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सतरा-अठरा वर्षांच्या मुलास थोर पुरुष व्हावयाचे नसते. त्याला वर्गमित्राच्या घरावरून जाताना मान खाली घालावी लागू नये, एवढेच हवे असते. तेव्हा त्या आठवड्यात वडिलांनी करावयाचे काम उपदेशाचे नाही, बंदोबस्ताचे आहे. डोंबिवलीहून काकांचा फोन येतो, “कितके पडले रे?” तो फोन मुलाच्या हाती न देता स्वतः घ्यावा आणि “अजून फेऱ्या व्हायच्या आहेत” इतके सांगून विषय पालटावा. आईने जेवायला हाक मारावी, भले तो अर्धी भाकरी टाकून उठो. कुडाळच्या एसटी स्टँडाबाहेर क्लासवाल्यांचे जे फ्लेक्स लागतात आणि त्यांवर ज्यांचे फोटो झळकतात, त्यांच्याशी तुलना करू नये. त्या फलकांवर किती मुले नाहीत हे कोणी छापीत नाही. “आम्ही तुझ्यासाठी काय नाय केलां” हे वाक्य खरे असले तरी ते आठ दिवस गिळून ठेवावे.

परंतु या साऱ्या सांभाळण्याचीही एक मर्यादा आहे, आणि ती ओळखता आली पाहिजे. मूल रात्र-रात्र जागत असेल, जेवण टाकत असेल, आवडीच्या वस्तू दुसऱ्यास देऊन टाकत असेल, “माझो तुमका त्रासच” अशा प्रकारचे काही पुटपुटत असेल, तर त्याच्यापाशी बसून “जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो काय” असे स्पष्ट विचारावे. असे विचारल्याने नसलेला विचार मनात शिरतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने मूल बहुधा मोकळे होते. अशा मुलास एकटे ठेवू नये आणि डॉक्टरांकडे नेण्यात संकोच करू नये. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीतून बोलता येते. विशाखापट्टणम येथे ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शाळा-महाविद्यालयांना व शिकवणी वर्गांना जे निर्देश दिले, त्यांत गुणांनुसार मुलांच्या तुकड्या पाडू नयेत आणि त्यांना चारचौघांत अपमानित करू नये असे सांगितले आहे. न्यायालयास हे लेखी सांगावे लागले, यातच काय ते आले.

आठ-दहा दिवसांनी धुरळा बसला की पैशाचा प्रश्न पुढे येतो, आणि त्याच सुमारास दलालही येतो. परदेशातील वैद्यकीय महाविद्यालयात हमखास प्रवेश, व्यवस्थापन कोट्यातून जागा, ‘आतल्या माणसा’ची ओळख, असे त्याचे बोलणे असते, आणि त्याचा डोळा हापूसच्या कलमांवर किंवा रस्त्यालगतच्या गुंठ्यांवर असतो. परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन येणाऱ्यास ‘नीट’ची पात्रता लागतेच, आणि परत आल्यावर येथे व्यवसायाची सनद मिळण्यापूर्वी आणखी एक परीक्षा द्यावी लागते, ही हकीकत तो सहसा सांगत नाही. निराशेच्या भरात बागायत गहाण टाकू नये. कागदपत्रांवरील सही निदान ऑगस्टपर्यंत लांबणीवर टाकावी.

वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यावी काय, हा प्रश्न सर्वांत अवघड आहे. ज्याला विषय समजतो पण वेग कमी पडला, ज्याचे गुण सरावपरीक्षांत चढत होते पण ऐनवेळी ढासळले, आणि ज्याला स्वतःला ते शिक्षण हवे आहे, त्याने एक वर्ष जरूर द्यावे. ज्याच्या बाबतीत हे शिक्षण वडिलांना हवे आहे, त्याने दिलेले वर्ष बहुधा वाया जाते. अभियांत्रिकीच्या बाबतीत आणखी एक हिशेब आहे, जो फार थोडे लोक करून पाहतात. बारावी विज्ञान उत्तीर्ण झालेल्यास मालवणजवळच्या कुंभारमाठ येथील शासकीय तंत्रनिकेतनासारख्या संस्थेत पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळू शकतो. ती दोन वर्षे पुरी केली की पदविकेच्या गुणांवर, कोणतीही सीईटी न देता, पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाचे दार उघडते, आणि उरलेली तीन वर्षे तेथे काढावी लागतात. एकूण पाच वर्षे झाली. घरी बसून वर्ष काढणाऱ्याची चार आणि एक मिळूनही पाचच होतात, आणि त्याच्या हाती मधल्या काळातील पदविका नसते.

जीवशास्त्र घेतलेल्यांना ‘नीट’च्या त्याच गुणांवर आयुर्वेद व होमिओपॅथीच्या जागा मिळू शकतात, आणि आयुर्वेदाचे एक महाविद्यालय तर सावंतवाडीतच आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे उद्यानविद्या महाविद्यालय कुडाळजवळ मुळदे येथे आणि मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावास आहे. मात्र हे अभ्यासक्रम ‘डॉक्टर नाही तर निदान हे तरी’ अशा सुरात मुलापुढे ठेवले, तर मूल तेथे जाईल पण रमणार नाही. ज्याला माशाचा वासही सोसत नाही त्याला केवळ समुद्र जवळ आहे म्हणून मत्स्यशास्त्रास धाडणे आणि ज्याला रक्त पाहून भोवळ येते त्याला एमबीबीएसला धाडणे, यांत मला तत्त्वतः काही फरक दिसत नाही. तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंगचे रीतसर शिक्षण देणारी संस्था आहे आणि तिच्या जोरावर कित्येक मुले पोट भरतात. परंतु तो व्यवसाय पर्यटकांच्या मोसमाशी बांधलेला आहे, हेही मुलास आधीच सांगितलेले बरे.

सरतेशेवटी राहते ते प्रवेशफेरीचे किचकट काम, आणि त्यात हुशार मुलेही फसतात. २०२५ पासून अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेशाच्या चार फेऱ्या झाल्या आणि नियमही बदलला: पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणतीही मिळाली तर तीही. म्हणून पसंतीक्रम लिहिताना मित्राची यादी उतरवून काढू नये. जेथे खरोखर जावयाचे आहे तेच महाविद्यालय आणि तीच शाखा वर लिहावी, गेल्या वर्षी कितीवर जागा बंद झाली हे पाहून धीर सोडू नये किंवा फाजील विश्वासही बाळगू नये. जातवैधता, नॉन-क्रीमीलेयर, अधिवास हे दाखले सरकारी कचेऱ्यांतून वेळेवर हाती येत नाहीत, म्हणून त्यांचे अर्ज निकालाची वाट न पाहता आधीच करावेत. मुलगी असेल आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयान्वये आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास व इतर मागास प्रवर्गांतील मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण अर्ज केल्यावाचून ती आपणहून माफ होत नाही. आणि अर्ज गावातल्या सायबर कॅफेत भरला तरी त्यात मोबाइल क्रमांक आपला घालावा, पासवर्ड आपल्या वहीत लिहावा, कारण जागा मिळाल्याचा संदेश त्या क्रमांकावर जातो आणि ती स्वीकारण्याची मुदत दोन-तीन दिवसांचीच असते.